चमक कुठे पडेल

अक्षताच्या पलंगावर आता भांडी राहतात. पातेली, तपेल्या, तांबे, वरणाच्या वाट्यांपासून पाहुणे आले तरच काढावे लागतील अशा टोपांपर्यंत. अक्षता, माझी मुलगी, बंगळुरूला असते आणि त्या पलंगावर कुणी झोपत नाही, म्हणून एका शनिवारी केतनने वझीरपूरच्या कारखान्यातून आणलेली खोकी तिथेच रिकामी केली. खिडकीला काळं कापड लावलं. टेबलावर एक दिवा, एक कॅमेरा आणि केक सजवायला म्हणून मी कधीतरी घेतलेला फिरता स्टँड. त्याच्यावर केक एकदाच चढला होता, तोही एका बाजूने बसलेला.

दिल्लीत द्वारकेच्या आमच्या सोसायटीत काही लपत नाही. लिफ्टमध्ये समोरच्या बाईंनी विचारलं, "बर्तनों का काम शुरू किया है?" मी हो म्हटलं. खरं सांगायला सात मजल्यांपेक्षा जास्त मजले लागले असते.

खरं असं की केतन माझ्या बहिणीचा मुलगा. नोएडातल्या एका लहानशा कंपनीत आहे. त्यांना असा कॅमेरा बनवायचा होता, की कारखान्यातल्या पट्ट्यावरून भांडी सरकत येतील आणि हा बघून सांगेल, कुठल्या भांड्याला पोचा आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण स्टीलचं भांडं कॅमेऱ्याला दिसतच नाही. त्याला दिसते ती चमक.

"आणि चमक भांड्यावर नसते, मावशी," केतन म्हणाला होता. "दिवा कुठे आहे, बघणारा कुठे आहे आणि भांड्याचा गाल त्या जागी किती वळलाय, या तिघांचं जमतं तिथे ती पडते. वळण माहीत असेल तर चमक कुठे पडेल हे आधीच सांगता येतं. मशीन आधी सांगणार, मग बघणार. सांगितलं तिथेच दिसली तर भांडं ओके. भलतीकडे दिसली तर पोचा."

पडद्यावर मशीनने सांगितलेल्या जागी लाल कडं यायचं आणि खऱ्या चमकेभोवती हिरवं. दोन्ही एकावर एक बसली की बरं वाटायचं. पत्रिका जुळल्यासारखं.

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे पटलेलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या होत्या, केतन समोर उभा, मध्ये तांब्या.

"चमक इथे आहे," आई बोट ठेवून म्हणाल्या.

"आजी, मला इथे दिसते."

"तुझा चष्मा बदल."

"तुम्ही इकडे या, मग तुम्हालाही इथेच दिसेल."

"मी कशाला येऊ? तू ये इकडे. मोठ्यांना उठवतोस होय रे?"

केतन गेला. त्यांच्या खांद्यामागून वाकून त्याने पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर. इथेच आहे."

"मग!" आई म्हणाल्या. त्या विषयातला वाद त्यांच्यापुरता मिटला.

माझं काम सुरुवातीला फोटोतल्या चमकेभोवती माउसने रेघ ओढायचं होतं. ते कुणालाही येतं. पण अक्षताच्या अकरावी-बारावीच्या क्लासबाहेर बसून बसून मी मोबाइलवर प्रोग्रॅमिंगचे व्हिडिओ बघायला लागले होते, आणि तिचा क्लास संपला तरी माझा संपला नव्हता. केतनचा प्रोग्रॅम उघडून मी त्यात हात घालायला लागले. त्याने आधी आरडाओरडा केला, मग एक दिवस मला विचारून एक ओळ बदलली. त्याचे साहेब अनुराग यांच्या कानावर ते गेलं. ते म्हणाले, वझीरपूरची ट्रायल पास झाली तर मीनाक्षीजींना रीतसर घेऊ. काम घरूनच.

त्या वाक्यातला सगळ्यात सुंदर शब्द 'घरूनच' हा होता. कारण आईंना एकटं ठेवता येत नाही. गेल्या थंडीत त्या गॅसवर दूध ठेवून खाली गेल्या आणि नाशिकची बस कुठून सुटते असं गेटवरच्या गार्डला विचारत होत्या. त्या दिवसापासून गॅस बंद. मग विळी. मग बाल्कनीच्या दाराला वरून कडी. एकेक करत आम्ही त्यांचं घर त्यांच्याकडून काढून घेतलं, अगदी प्रेमाने.

मला ती नोकरी हवी होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. यतीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटत होतं की मी केतनला मदत करते आहे. तो मंत्रालयात आहे; तिथे मदत आणि नोकरी या वेगळ्या गोष्टी असतात.

मॉडेल, म्हणजे आमच्या फोटोंवरून चमकेचा आकार शिकलेला प्रोग्रॅम, घरी उत्तम चाललं. आमच्याच भांड्यांचे काही फोटो बाजूला ठेवून त्यावर त्याची परीक्षा घेतली, तर ते जवळजवळ चुकलंच नाही. यतीनला दोन दिवस सुट्टी घ्यायला लावून मी ट्रायलला वझीरपूरला गेले.

कारखान्याचे मालक गौरवजी, वयाने केतनहून थोडेच मोठे, पण हातात चहाचा ग्लास आणि चेहऱ्यावर सगळं पाहिल्याचा भाव. पट्टा सुरू झाला. बफिंगच्या, म्हणजे पॉलिशच्या, चाकाखालून पातेली निघत होती, एकेकात आपलं तोंड दिसावं अशी. पहिलं पातेलं कॅमेऱ्यासमोर आलं. लाल कडं उभं, लांबट, काठापासून बुडाकडे. हिरवं कडं इवलंसं, वरच्या बाजूला. दिवा लागला: पोचा. दुसरं: पोचा. तिसरं: पोचा. रिजेक्टची पेटी भरली. कामगारांनी दुसरी आणली.

गौरवजींनी एक पातेलं उचललं, फिरवून पाहिलं, बोटाने वाजवलं. "मैडम, ये मशीन है या सास? हर चीज़ में नुक़्स!"

सगळे हसले. मीही हसले. सासू या विषयावर माझी माहिती त्या क्षणी अपुरी होती, हे नंतर कळलं.

अनुराग हसले नाहीत. पट्ट्याकडे बघत ते म्हणाले, "होली के बाद एक बार और। बस एक बार।" गौरवजी दिलदार होते. निघताना त्यांनी रिजेक्टमधलं एक पातेलं माझ्या हातात दिलं. "ले जाइए, खीर बनाइए। टेढ़ा तो है ही।"

ब्लू लाइनने घरी येताना मी ते मांडीवर घेऊन बसले होते. मेट्रोच्या छतावरचे दिवे त्याच्यावर मोहरीएवढे दिसत होते. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला काहीतरी विचित्र वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

सकाळी कळलं. ते पातेलं मी फिरत्या स्टँडवर ठेवलं आणि शेजारी पलंगावरचं, त्याच साच्यातलं, त्याच मापाचं. दिवा लावला. कारखान्याच्या पातेल्यावर एक ठिपका. आमच्यावर एक उभी रेघ, काठापासून बुडापर्यंत ओढल्यासारखी. मी दिवा बंद करून पुन्हा लावला, जणू दिव्याला विचार बदलायची संधी द्यावी. तेच.

मोबाइलचा टॉर्च घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. दुधाचं पातेलं: रेघ. कुकर: रेघ. लग्नात आलेला, यतीनच्या आत्याचं नाव घातलेला डबा: रेघ. सगळीकडे रेघा. म्हणून तर आमच्या फोटोंमध्ये आम्हाला काही खटकलं नव्हतं. स्टील असंच चमकतं हे मला माहीत होतं, केतनला माहीत होतं, अनुरागना माहीत होतं. आम्ही सगळे अशा घरांत वाढलो होतो जिथे कुणीतरी भांडी घासत होतं.

घासल्याने बारीक चरे पडतात. भांड्याभोवती आडवे चरे पडले की चमक त्यांना काटकोनात, उभी पसरते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, गुळगुळीत कागदावर, इंग्रजीत. स्वतःच्या ओट्यावर बघून ओळखलं नव्हतं.

पण पलंगावरची भांडी नवी होती. मी तर ती फक्त मऊ फडक्याने पुसत होते. मग?

जेवल्यावर मी रोज थोडी आडवी होते. त्या दिवशी झोप लागली नाही. पडल्या पडल्या ऐकलं: मागच्या धुण्याच्या कोपऱ्यातून खर्र, खर्र, एका लयीत.

आई पाटावर बसल्या होत्या. गुडघ्यांत गौरवजींचं पातेलं, हातात तारेची घासणी. पुढे-मागे नाही, गोल. पातेलं डाव्या हाताने फिरत होतं, उजवा हात जागचा हलत नव्हता. म्हणून ती रेघ इतकी सरळ येत होती.

"आई, काय करताय?"

"हे राहिलं होतं. काल आणलंस ना? काळं सुटतंय बघ किती."

"बाकीची सगळी घासलीत?"

"मग? बाजारातलं भांडं तसंच मांडायचं रुखवतात? लोक बोट फिरवून बघतात. काळं लागलं की मुलीकडचे आळशी ठरतात."

"कुणाच्या रुखवतात?"

त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. ज्यांना आठवत नाही अशा माणसांकडे बघतात तसं. "अक्षताच्या. विसरलीस?"

 त्यांचं झाल्यावर मी पातेलं उचललं, पुसलं, स्टँडवर ठेवलं, दिवा लावला. सकाळचा ठिपका गेला होता. रेघ आली होती.

संध्याकाळी केतनला दाखवलं. तो आधी खूप हसला आणि मग डोकं धरून अक्षताच्या पलंगाच्या कडेवर, दोन टोपांच्या मध्ये बसला. "मावशी, आजीने अख्खा डेटा घासला."

"हो."

"आणि परीक्षापण घासलेल्या भांड्यांवरच घेतली आपण."

"हो."

"यार." मग आवाज खाली आणून, "ऐक ना. सरांना सांगू, कारखान्याची बफिंग पावडर राहिली होती म्हणून झालं. घरचं कशाला काढायचं? ते तुझं काम काढून घेतील."

मी विचार केला. प्रामाणिकपणाचा फारसा नाही. पावडर म्हटलं असतं तर पुढची भांडी याच खोलीत आली असती, याच घासणीखाली गेली असती आणि होळीनंतर पुन्हा पेट्या भरल्या असत्या. शिवाय ती रेघ मी शोधली होती. तिचं श्रेय पावडरीला द्यायची माझी तयारी नव्हती.

फोन स्पीकरवर ठेवला. सगळं ऐकून अनुरागनी विचारलं,

"सारे? हाथ से?"

"सारे। मेरी सास ने। शादी के लिए।"

"अच्छा... किसकी शादी है?"

"किसी की नहीं।"

 मग ते म्हणाले की कारण सापडलं हे चांगलंच झालं, पण आता सेटअप नोएडाला आणू, तुम्ही रोज इकडे या. ब्लू लाइन सरळ येते, चेंजसुद्धा नाही. मी म्हटलं, लाइन सरळ आहे, माझं घर नाही. मी येऊ शकत नाही. केतनने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे.

"फिर कमरे पर ताला लगाइए, मीनाक्षीजी," अनुराग शेवटी म्हणाले. "नए बर्तन भेजता हूँ। इस बार किसी ने छुआ, तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा।"

यतीनने कुलूप आणलं, सुताराने कडी बसवली. गॅस, विळी, बाल्कनी आणि आता ही खोली. घासलेली भांडी गौरवजींना परत नको होती, म्हणून ती हॉलमध्ये आली, सोफ्याच्या मागे भिंतीला लावून. नवी आत गेली. कुलूप लागलं, तेव्हा आई पूजा करत होत्या.

दुपारी मी उठले तेव्हा त्या दारासमोर उभ्या होत्या. कुलूप तळहातावर घेतलेलं, पाखरू धरावं तसं.

"लग्न मोडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो आई."

"मग कुलूप कशाला?"

 त्या दिवशी रात्री आई जेवल्या नाहीत. यतीनने समजावलं, की आई, अक्षताचं लग्न ठरलेलंच नाही, ती भांडी मीनाक्षीच्या कामाची आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "मला सांगायचं नसेल तर नको सांगू. पण भांडी परत करू नका. भांडी परत गेली की लोकांना कळतं."

अक्षताचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मागे हॉलमधला ढीग तिला दिसला.

"आई, हे सब काय आहे?"

"तुझं लग्न आहे."

"व्हॉट? किसके साथ?"

"ते तुझी आई सांगत नाही," पडद्यात डोकं घालून आई म्हणाल्या. "तू बारीक झालीस गं."

"आजी, मी खाते बिल्कुल नीट. आई, रुखवत म्हणजे काय?"

मी सांगितलं: लग्नात मुलीकडचे जे देतात ते मांडून ठेवायचं, सगळ्यांनी बघायचं.

"म्हणजे डिस्प्ले."

"डिस्प्लेच."

"बरं मग ठेव," ती म्हणाली. "मी हो म्हणते. आजी, छान चमकतात." आणि तिला दुसरा कॉल आला.

तिसऱ्या दिवशीही आई नीट जेवल्या नाहीत. मी आत दार लावून फोटो काढायचे आणि बाहेर त्यांच्या बांगड्यांचा आवाज यायचा. त्या दारापाशी स्टूल घेऊन बसायच्या. ठिपके सुंदर येत होते. मोहरीएवढे, काटेकोर. मला नोकरी मिळणार होती आणि माझ्या घरात एक माणूस बंद दाराकडे बघत बसलं होतं. दोन्ही एकाच कुलपामुळे.

होळीच्या आधी मी जे केलं ते केतनला अजून सांगितलेलं नाही. मी किल्ली आईंच्या हातात ठेवली.

"आई, आतली नवी भांडी मुलाकडची आहेत."

"मुलाकडची?"

"हो. पाहायला ठेवलीत. जशीच्या तशी परत द्यायची. म्हणून कुलूप. किल्ली तुम्ही सांभाळा."

त्यांनी किल्ली उलटसुलट केली. आयुष्यात अनेक किल्ल्या सांभाळलेल्या बाईची नजर होती ती.

"घासायची नाहीत ना पण," मी म्हटलं.

"त्यांची भांडी आपण कशाला घासू?" आई म्हणाल्या. "त्यांच्याकडे हात नाहीत?"

किल्ली पदराच्या टोकाला गेली, गाठ पडली. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या.

कुलपाबरोबर किल्ल्या एकाहून जास्त येतात, आणि दुसरी कुठे आहे ते मी इथे लिहिणार नाही. पण एखाद्या दुपारी त्यांना मुलाकडच्यांचा विसर पडला असता तर त्या किल्लीचा काही उपयोग नव्हता. हे मला माहीत होतं, आणि मी जेवून आडवी व्हायचे, आणि झोप लागायची नाही. खर्र, खर्र ऐकू यायचं. उठून बघायचे तर त्या हॉलमधली आपली भांडी पुन्हा घासत असायच्या. ती आता इतकी रेघाळली होती की तांब्याकडे बघितलं तर पाऊस उभा दिसावा.

रोज सकाळी मी त्यांच्याकडे किल्ली मागायचे. त्या गाठ सोडायच्या, दार उघडायच्या, माझ्या मागून आत येऊन स्टुलावर बसायच्या. मी भांडं उचललं की म्हणायच्या, "जपून. परक्याचं आहे." एकदा माझ्या अंगठ्याचा ठसा तपेलीवर उठला तो त्यांनी मला पुसायला लावला, स्वतः हात लावला नाही. पडद्यावरच्या लाल-हिरव्या कड्यांकडे बघून एकदा म्हणाल्या, "जुळतंय का?"

"जुळतंय."

"गुण किती?"

मी पडद्यावरचा आकडा सांगितला. "पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या.

होळीनंतर वझीरपूरला मी गेले नाही. यतीनच्या सुट्ट्या संपल्या होत्या. केतनने फोनवर पट्टा दाखवला. पातेलं आलं, लाल कडं पडलं, हिरवं त्याच्यावर बसलं. दुसरं. तिसरं. पेटी रिकामी. कुणीतरी टाळी वाजवली आणि तेवढ्यात दिवा लागला: पोचा. पट्टा थांबला. गौरवजींनी पातेलं घेतलं, वाजवलं, काही नाही. मग उन्हात नेऊन तिरकं धरलं. बुडाजवळ, बोटाला लागेल न लागेल असा एक खळगा होता.

"सास तो वही है," त्यांचा आवाज आला, "बस अब सही पकड़ती है।"

नेमणुकीचा मेल दोन दिवसांनी आला. मी तो वाचला, मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला, कणीक मळली, पुन्हा वाचला. यतीन ऑफिसला गेला होता. घरात सांगायला एकच माणूस होतं.

"आई, मला नोकरी लागली."

त्या अक्षताच्या खोलीपाशी उभ्या राहून पदराची गाठ सोडत होत्या. गाठ घट्ट बसली होती.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "आधी हे लग्न पार पडू दे."

मग कुलूप काढलं, दार ढकललं आणि मी आत जाणार तेवढ्यात माझं मनगट धरून माझे हात उलटेपालटे पाहिले. कणीक होती.

"पुस," म्हणाल्या.